वारा कुठला? : ऑकलंड, नॉर्थलँड आणि बेटांच्या हवामानाविषयी

ऑकलंडला नव्याने आलेला मराठी माणूस पहिल्या वर्षात एक प्रश्न हमखास विचारतो : इथला पावसाळा कधी असतो? जुन्या मंडळींना या प्रश्नाचे धड उत्तर देता येत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. सर्वसाधारणपणे जुलै हा इथला सर्वांत ओला महिना. पण शहराच्या नोंदींतला सर्वांत जास्त पावसाचा महिना आहे 2023 चा जानेवारी, म्हणजे ऐन उन्हाळा. त्या एका महिन्यात अल्बर्ट पार्कच्या पर्जन्यमापकात 539 मिलिमीटर पाऊस जमा झाला. एरवी वर्षभरात इथे जेवढा पडतो, त्याच्या निम्म्याच्या आसपास. उलट 2020 च्या मे महिन्यात, हिवाळा दारात असताना, धरणे निम्म्याखाली गेली म्हणून बागेला नळीने पाणी घालायलाही बंदी झाली आणि पाणीटंचाईचे निर्बंध पुढच्या वर्षापर्यंत रेंगाळले.

आपली हवामानाची समज तारखांवर पोसलेली आहे. सात जूनच्या आसपास मृग लागायचा, आर्द्रात पेरण्या उरकायच्या, हस्ताने जाताजाता झोडपायचे, मग उघडीप आणि दिवाळी. पाऊस लांबला तर आपण म्हणतो तो 'उशिरा आला', जणू त्याने यायची वेळ दिली होती. मोसमी वाऱ्यांच्या देशात हे बरोबरच आहे. ऑकलंड मात्र दक्षिण गोलार्धात सुमारे 37 अंशांवर, पश्चिमी वाऱ्यांच्या पट्ट्याच्या उत्तर काठावर आहे. इथे मोसमी वारा नाही. इथे आठवड्यागणिक एक उच्च दाबाचे क्षेत्र पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत जाते, त्याच्यामागून कमी दाबाचा पट्टा येतो आणि तो गेला की पुन्हा उघडते. पाऊस कोणत्या महिन्यात पडतो हे विचारून उपयोग नाही. वारा कुठला आहे, हे विचारायला हवे. ही पुस्तिका याच प्रश्नाभोवती रचलेली आहे, आणि प्रस्तावनेत मला एवढेच सांगायचे आहे की हा एक प्रश्न विचारायची सवय लागली तर मोबाइलवरच्या ढगाच्या चित्रापेक्षा ती अधिक कामाला येते. ते चित्र अख्ख्या शहराला एकच ढग दाखवते. टिटिरांगीला धो धो आणि ताकापुनाला लख्ख ऊन, हे त्या चित्रात मावत नाही.

आधी प्रदेश नजरेसमोर आणू. वरच्या टोकाला केप रिंगा, जिथे टास्मान समुद्र आणि प्रशांत महासागर भेटतात. तिथून नॉर्थलँडचा लांब, निमुळता पट्टा खाली ऑकलंडपर्यंत येतो. पूर्वेला हौराकी आखात आणि त्यात बेटे : वायहेकी, रांगिटोटो, कावाऊ, टिरिटिरी माटांगी, आणखी पुढे लिटल बॅरिअर आणि सर्वांत बाहेर ग्रेट बॅरिअर, माओरी नाव आओटेआ. आखाताच्या दुसऱ्या बाजूला कोरोमंडल द्वीपकल्प. (हे नाव आपल्या चोलमंडलावरूनच आले आहे, पण मध्ये एका जहाजाचे नाव आहे, ती कथा वेगळी.) कॅप्टन कुकने 1769 मध्ये बॅरिअरला ते नाव दिले, कारण हे बेट आखाताच्या तोंडाशी अडसरासारखे आडवे पडलेले दिसले. हवामानाच्या दृष्टीनेही ते तसेच वागते. बाहेरच्या महासागराच्या लाटा बरेचदा तेच अंगावर घेते, आणि म्हणून आतल्या आखातात हौशी लोक निवांत होड्या घालू शकतात. वारा पूर्वेचा झाला की मात्र बॅरिअर आणि कोरोमंडल यांच्यामधल्या कोलव्हिल सामुद्रधुनीतून लाटा आत घुसतात आणि साडेचार तासांची बॅरिअरची फेरी एक तर रद्द होते किंवा न विसरण्याजोगी होते.

आमचे न्यू लिन हे ऑकलंडचे उपनगर या नकाशावर लहानसा ठिपका आहे, पण जागा मोक्याची. पश्चिमेला वाइटाकेरेचे डोंगर. उत्तरेकडे व्हाऊ नदी, जी खरे तर वाइटेमाटा बंदराची आत शिरलेली खाडी आहे. दक्षिणेला थोडक्या अंतरावर मानुकाउ बंदर, म्हणजे टास्मान समुद्राचे पाणी. माओरी लोक आपल्या होड्या एका समुद्रातून दुसऱ्यात याच वाटेने जमिनीवरून ओढत नेत. इथल्या पोर्टेज रोडच्या नावात ती वाट अजून टिकून आहे. दोन समुद्रांमधल्या या चिंचोळ्या पट्टीवर उन्हाळ्याच्या दुपारी एक मजेची गोष्ट घडते. जमीन तापते, पूर्वेकडून एक खारा वारा आत येतो, पश्चिमेकडून दुसरा. दोन्ही शहराच्या डोक्यावर समोरासमोर येतात, हवेला वर जाण्याखेरीज वाट उरत नाही, आणि तीन-चारच्या सुमाराला निरभ्र दिवसाच्या मधोमध ढग उभे राहतात, गडगडतात, एखाद्या उपनगराला अर्धा तास भिजवतात आणि विरतात. कोकणच्या किनाऱ्यावर एकच समुद्र. तिथल्या मच्छीमाराला दिवसाचा खारा आणि रात्रीचा मतलई वारा पाठ असतो. इथे दोन खारे वारे असतात आणि त्यांची टक्कर नेमकी कुठे होईल, हे हवामान खात्यालाही सकाळी सांगता येत नाही.

आता वाऱ्यांची ओळख. पहिली गोष्ट : दिशांचे स्वभाव आपल्या उलट आहेत. उत्तरेचा वारा ऊब आणतो, दक्षिणेचा थंडी. सूर्य उत्तरेकडून फिरतो, म्हणून इथे उत्तराभिमुख घराला भाव. कमी दाबाच्या भोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, भारतात उलटे.

नैर्ऋत्येचा वारा हा इथला नित्याचा पाहुणा. टास्मान समुद्रावरून येतो, वाइटाकेरेच्या डोंगरांवर चढताना बरेच पाणी तिथेच टाकतो आणि शहरावर तुटक सरी पाठवतो. सर, ऊन, इंद्रधनुष्य, पुन्हा सर. असा दिवस दिसायला भयंकर असतो, पण निरुपद्रवी. कपडे दोरीवरून काढण्या-घालण्यातच बाईमाणसाचा आणि आता पुरुषांचाही दिवस जातो, एवढेच. या वाऱ्यापुढे घडीची छत्री टिकत नाही. नव्या माणसाने ती भारतातून आणण्यात सामानाचे वजन वाया घालवू नये, टोपीचा रेनकोट घ्यावा. निव्वळ दक्षिणेचा वारा थंड असतो, पण सबंध उत्तर बेट ओलांडून येताना बरेचसे पाणी वाटेत सांडून आलेला असतो. 15 ऑगस्ट 2011 रोजी त्याने ऑकलंडमध्ये चक्क हिमकण भुरभुरवले; शहरात असा प्रकार अनेक दशकांनी घडला होता.

धास्ती बाळगावी ती ईशान्येच्या वाऱ्याची. तो सौम्य असतो, उबदार असतो, अंगाला बरा वाटतो. मुंबईची आठवण येते. आणि तिथेच फसगत होते. फिजी आणि न्यू कॅलेडोनियाच्या बाजूच्या उष्ण समुद्रावरून तो वाफ भरभरून आणतो आणि नॉर्थलँडच्या पूर्व किनाऱ्यावर, बॅरिअरवर, कोरोमंडलच्या डोंगरांवर ओततो. त्यातून पूर्वेला किंवा आग्नेयेला उच्च दाबाचे क्षेत्र ठाण मांडून बसले, तर हा ओला पट्टा पुढे सरकत नाही. 27 जानेवारी 2023 ला नेमके हेच झाले. शुक्रवार, पुढे ऑकलंड अ‍ॅनिव्हर्सरीची लांब सुट्टी, संध्याकाळी एल्टन जॉनचा कार्यक्रम. अल्बर्ट पार्कला चोवीस तासांच्या आत 280 मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्यातला मोठा हिस्सा दुपारनंतरच्या मोजक्या तासांत. कार्यक्रम रद्द झाला, विमानतळाच्या इमारतीत पाणी शिरले, चार माणसे गेली. आणीबाणी जाहीर व्हायला रात्रीचे दहा वाजले, आणि या दिरंगाईवर पुढे चौकशी अहवालात कडक ताशेरे आले. रानुईसारख्या पश्चिमेकडच्या वस्त्यांत घरांच्या खिडक्यांपर्यंत पाणी होते. हजाराहून अधिक घरे पुन्हा राहण्याजोगी नाहीत असे ठरवून ती विकत घेण्याची वेळ महापालिकेवर आली.

मराठी वाचकाला 280 हा आकडा किरकोळ वाटेल. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला होता, आणि महाबळेश्वर तर असल्या पावसाकडे ढुंकून बघत नाही. पण गटारे, नाले आणि घरे ही तिथल्या सरासरीला बेतून बांधलेली असतात. ऑकलंडमध्ये सहा तासांत 50 किंवा चोवीस तासांत 100 मिलिमीटर अपेक्षित असला की अतिवृष्टीचा इशारा निघतो. आपल्या भारतीय हवामान विभागाच्या मोजपट्टीवर 100 मिलिमीटर म्हणजे नुसता 'जोरदार' पाऊस; 'अत्यंत जोरदार' म्हणायला तिथे 204 ओलांडावे लागतात. म्हणून गावाकडच्या आकड्यांनी इथला इशारा जोखू नये. 'एवढ्याशा पावसाला काय घाबरायचे' हे वाक्य मी मराठी घरांत अनेकदा ऐकले आहे. ते चुकीचे आहे. सांताक्रूझच्या त्या दिवसाने शिकवलेली दुसरी गोष्ट मात्र इथेही लागू पडते : त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम 73 मिलिमीटर पडला होता. शहर एक असले तरी पाऊस एक नसतो.

न्यू लिनपुरते बोलायचे तर इथे आणखी एक भर आहे, ती जमिनीची. या उपनगराचे नाव झाले ते चिकणमातीमुळे. विटा, कौले, मोऱ्यांचे नळ आणि पुढे क्राउन लिनच्या कपबश्या इथल्या मातीतून निघाल्या. तो कारखाना 1989 मध्ये बंद पडला, माती मात्र जागच्या जागी आहे, आणि चिकणमाती पाणी पिऊन घेत नाही. आभाळातून आलेले पाणी लगेच ओहोळांत उतरते. 2017 च्या मार्चमध्ये टास्मान समुद्रातल्या कमी दाबाने आठवडाभर पाऊस लावला, तेव्हा ग्रेट नॉर्थ रोडवर दुकानांखालून जाणाऱ्या ओहोळाने जमीन पोखरून काढली आणि रस्त्याकडेला मोठे भगदाड पडले. त्याच पावसात हुनुआच्या धरणांत इतका गाळ उतरला की शहराला पाणी कमी पडू लागले. धो धो पाऊस चाललेला आणि प्रत्येकाने रोज 20 लिटर पाणी वाचवावे असे आवाहन!

पावसाबरोबर भरतीची वेळही पाहायला हवी. व्हाऊ खाडीत उधाण असेल तर नाल्यांचे पाणी समुद्रात उतरत नाही, तुंबते. हे मिठी नदीकाठच्या माणसाला समजावून सांगायला नको. 23 जानेवारी 2011 ला मोठी भरती आणि वादळी वारा एकाच वेळी आले आणि तामाकी ड्राइव्हबरोबर वायव्येकडचा महामार्गही पाण्याखाली गेला. नंतर खाडीवरचा तो रस्ता दीड मीटरने उंच करावा लागला. आणि एक ध्यानात ठेवावे : वाइटेमाटा आणि मानुकाउ यांच्या भरतीच्या वेळांत सुमारे तीन तासांचा फरक असतो. सकाळी पोहायला मिशन बेला जाणाऱ्याचे वेळापत्रक ग्रीन बेला चालत नाही.

नोव्हेंबर ते एप्रिल हा दक्षिण प्रशांतातल्या चक्रीवादळांचा काळ. ती इथे पोहोचेपर्यंत त्यांचे रूप बदललेले असते, डोळा विस्कटलेला असतो; म्हणून बातमीत 'माजी चक्रीवादळ' असे म्हणतात. त्या 'माजी'वर विसंबू नये. 1988 चे बोला असेच आले होते. जानेवारीच्या पुरानंतर सुमारे अडीच आठवड्यांनी आलेल्या गॅब्रिएलने देशात 11 जणांचा जीव घेतला. मुरिवाईला दरड कोसळून मदतीला गेलेले दोन स्वयंसेवक अग्निशामक मृत्युमुखी पडले. आधीच भिजून जड झालेल्या डोंगरांवर दुसरा पाऊस पडला, हे त्यामागचे साधे कारण. अंदाज वाचताना येणाऱ्या पावसाइतकाच होऊन गेलेला पाऊसही विचारात घ्यावा तो यासाठी.

या किनाऱ्याने वेळेवर मिळणाऱ्या अचूक माहितीची गरज महाग किंमत देऊन ओळखली आहे. 7 फेब्रुवारी 1863 ला मानुकाउच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर ऑर्फियस हे युद्धजहाज फुटले आणि 189 माणसे बुडाली. 29 ऑक्टोबर 1894 च्या रात्री धुक्यात वाट चुकलेले वाइरारापा जहाज ग्रेट बॅरिअरच्या कड्यावर आदळले, शंभराहून अधिक लोक गेले, आणि ही बातमी ऑकलंडला पोहोचायला तीन दिवस लागले. बेटावर तार नव्हती. त्यातूनच 1897 मध्ये बेट आणि शहर यांच्यात कबुतरांची टपाल सेवा सुरू झाली, तिकिटे वगैरे छापून. 1908 मध्ये तारेची केबल आली तोपर्यंत ती चालली. आज मोकोहिनाऊसारख्या बाहेरच्या बेटांवरची स्वयंचलित यंत्रे वाऱ्याचा वेग क्षणोक्षणी कळवतात.

त्याहून गमतीचा योगायोग असा की जगातल्या सुरुवातीच्या सरकारी वादळसूचनांपैकी एक सुरू करणारा माणूस त्याआधी इथेच राज्य करून गेला होता. डार्विनला घेऊन जाणाऱ्या बीगल जहाजाचा कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय 1843 ते 1845 न्यूझीलंडचा गव्हर्नर होता, आणि तेव्हा राजधानी ऑकलंड होती. गव्हर्नर म्हणून तो अपयशी ठरला, परत बोलावला गेला. पुढे 1854 मध्ये त्याने ब्रिटनचे हवामान खाते उभे केले आणि 1861 पासून बंदरांना वादळाचे इशारे धाडू लागला. वर्तमानपत्रांनी त्याच्या चुकलेल्या अंदाजांची टर उडवली. ती परंपरा सगळ्या देशांत अबाधित आहे.

दुसरा धागा थेट आपल्याकडून येतो. पुण्याला शिवाजीनगरची सिमला ऑफिसची इमारत बहुतेकांनी पाहिली असेल. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून तिथे हलले. त्या खात्याचा एकेकाळचा प्रमुख गिल्बर्ट वॉकर. 1899-1900 च्या भीषण दुष्काळाच्या आठवणी ताज्या असताना तो 1904 मध्ये भारतात आला. मोसमी पावसाचा आगाऊ अंदाज कसा बांधता येईल, हे शोधताना जगभरच्या नोंदी चाळत त्याने दाखवले की हिंदी महासागर आणि प्रशांत महासागर यांच्यावरचा हवेचा दाब आलटून पालटून वर-खाली होतो. एल निनो आणि ला निना यांच्या आजच्या समजुतीचा पाया तोच. म्हणजे विदर्भातला शेतकरी जी बातमी कान टवकारून ऐकतो, तीच बातमी वांगारेईच्या दूध उत्पादकालाही हवी असते. एल निनोच्या वर्षी इथे पश्चिमेचे आणि नैर्ऋत्येचे वारे बळावतात आणि नॉर्थलँडचा उन्हाळा कोरडा जाण्याची शक्यता वाढते. ला निनात ईशान्येचे वारे वाढतात. 2020 ते 2023 अशी सलग तीन वर्षे ती ठाण मांडून होती आणि शेवट कसा झाला ते वर आलेच आहे. पण हे गणित नेहमी जुळत नाही. 1997 च्या जबरदस्त एल निनोत भारतात पाऊस सरासरीइतका झाला, आणि 2020 च्या इथल्या दुष्काळात एल निनो नव्हताच.

म्हणून तीन महिन्यांचा ऋतू-अंदाज जपून वाचायचा असतो. त्यात नॉर्थलँड, ऑकलंड, वायकाटो आणि बे ऑफ प्लेंटी यांना सहसा एकाच गटात धरतात आणि पाऊस सरासरीहून जास्त, सरासरीइतका की कमी, या तीन शक्यतांची टक्केवारी देतात. काहीच माहीत नसेल तर प्रत्येकी 33. 'जास्त' समोर 45 आले, तर बातमीदार लगेच 'यंदा ओला हिवाळा' म्हणून मथळा देतो. पण जास्त पाऊस न पडण्याची शक्यता त्याच ओळीत 55 आहे. असा अंदाज पाण्याच्या टाकीचा, चाऱ्याचा, छपराच्या दुरुस्तीचा विचार करायला चांगला. मुलीच्या लग्नाचा मांडव बागेत घालावा की हॉलमध्ये, हे त्यावरून ठरवू नये.

या भूमीची स्वतःची गणनाही आहे. माओरी लोक ज्याला माटारिकी म्हणतात, तो तारकापुंज म्हणजे आपली कृत्तिका. हिवाळ्याच्या मध्याला पहाटे तो उगवला की त्यांचे नवे वर्ष सुरू होते आणि 2022 पासून ती सार्वजनिक सुट्टी आहे. त्यातल्या एका ताऱ्याकडे पाऊस, एकाकडे वारे, एकाकडे गोडे पाणी, एकाकडे समुद्र. कोणता तारा किती स्वच्छ दिसतो यावरून जाणते पुढच्या वर्षाचा अदमास घेत. नक्षत्रांवरून पाऊस सांगणाऱ्या आपल्या आजोबांना ही भाषा परकी वाटली नसती. आपले सण मात्र इथे हवामानापासून पार सुटले आहेत : तिळगूळ भर उन्हाळ्यात, गुढी पानगळीत, गणपती हिवाळा सरताना, आणि दिवाळीला पणत्या लावायच्या तर आठपर्यंत उजेड मावळायची वाट पाहायची.

पुढच्या प्रकरणांत हे सर्व तपशिलाने येईल. तोवर एवढे करावे. मेटसर्व्हिस या इथल्या हवामान संस्थेचा पिवळा 'वॉच' म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे गटारे साफ करा, बेत बदला. लाल क्वचितच येतो, आणि आला तर अधिकारी सांगतील ते निमूट करा. इशाऱ्यात 'ग्रेट बॅरिअर बेटासह ऑकलंड' असे असेल की फक्त 'ओरेवाच्या उत्तरेला', हे वाचल्याशिवाय घाबरूही नका, निर्धास्तही राहू नका. समुद्रावर जायचे तर शहराचा अंदाज पुरत नाही. नॉर्थलँडच्या पूर्व किनाऱ्यासाठी ब्रेट, आखात आणि बेटांसाठी कोलव्हिल, पश्चिमेसाठी कायपारा या विभागांचा सागरी अंदाज पाहा. वारा 34 नॉटला, म्हणजे ताशी 63 किलोमीटरला पोहोचणार असेल तर तिथे वादळी वाऱ्याचा इशारा असतो, पण लहान होडीला 20 नॉटसुद्धा पुष्कळ झाले. इथल्या उन्हाळी उन्हातले अतिनील किरण उत्तर गोलार्धातल्या याच अक्षांशापेक्षा सुमारे 40 टक्के जास्त असतात, तेव्हा ढगाळ दिवशीही मुलांना टोपी घाला. जीवरक्षक जाकीट सर्वांनी घालावे, पट्टीच्या पोहणाऱ्यानेसुद्धा. आणि पाण्याने भरलेल्या रस्त्यात गाडी घालू नका, परत वळा. जीव धोक्यात असेल तर 111 ला फोन करा.